भीतीची मजा कोणाला परवडते?

भयपटाचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे तावातावाने बोलू लागतात. पहिली आमच्याच चळवळीतली. "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली पोरं रात्र रात्र भुताचे सिनेमे बघतात, हेच का आपलं प्रबोधन?" असा त्यांचा सवाल. दुसरी माणसे सिनेमावाल्यांच्या बाजूची. "अहो, नुसती करमणूक आहे ती. भुताखेतातही जात कशाला आणता?" हे त्यांचे ठरलेले उत्तर. आमच्या मते दोघेही चुकतात. कारण ज्या प्रश्नापासून सुरुवात करायला हवी तो दोघांनीही स्वतःला विचारलेला नाही. माणूस पदरचे पैसे मोडून घाबरायला का जातो?

दारात साप निघाला तर कोणी टाळ्या वाजवत नाही. रात्री अनोळखी माणूस मागे मागे चालू लागला तर कोणाला मजा वाटत नाही. मग तीच भीती पडद्यावर आली की माणूस तिकीट काढून, मित्रांना गोळा करून, पॉपकॉर्नचा पुडा मांडीवर घेऊन का बसतो? याचे उत्तर आधी शोधू. जातीचे काय ते ओघाने येईलच.

शरीर फसते, आपण फसत नाही

अंधाऱ्या पडद्यावर अचानक एक हात पुढे येतो. डोळ्यांनी काय पाहिले ते नीट कळायच्या आत शरीर कामाला लागलेले असते. काळीज धडधडते, श्वास वाढतो, तळहाताला घाम सुटतो, रक्तात ॲड्रेनलीन उतरते. पळायची किंवा लढायची ही तयारी उत्क्रांतीने दिलेली आहे. त्या क्षणी शरीराला सिनेमा आणि वाघ यांतला फरक कळत नाही. पण पुढच्याच क्षणी मेंदूचा विचार करणारा भाग सांगतो, अरे, तू खुर्चीत बसला आहेस. धोका संपतो, पण शरीरातली खळबळ लगेच संपत नाही. ती उरलेली खळबळ सुटकेच्या भावनेत मिसळते आणि सुटका दुप्पट गोड लागते. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने ही मांडणी केली. किंकाळीच्या पाठोपाठ थिएटरात हशा पिकतो, तो यामुळेच.

पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हाच प्रकार मिरचीबाबत दाखवला. तिखट खाताना जीभ पोळते, नाकाडोळ्यांतून पाणी येते, तरी माणूस पुन्हा ठेच्याला हात घालतो. कारण यात जीव जाणार नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. शरीर फसले पण मी फसलो नाही, याची ती मजा. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी तर एका भयगृहात शिरणाऱ्या लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की फार कमी घाबरलेल्यांना मजा आली नाही, फार जास्त घाबरलेल्यांनाही आली नाही. आली ती मधल्यांना.

या तिघांच्या सांगण्याचे सार एका वाक्यात मावते. भीतीची मजा येते ती सुरक्षिततेच्या जोरावर. दार उघडे आहे, थोड्या वेळाने दिवे लागणार आहेत, भूत पडद्याबाहेर येणार नाही, ही खात्री काढून घ्या. माणूस तोच, अंधार तोच, पण मजा शून्य. म्हणजे भयपटाचे तिकीट काढणारा माणूस भीती विकत घेत नाही. भीतीतून सुखरूप बाहेर पडण्याची हमी तो विकत घेतो.

आधी आमच्या मित्रांना

आता चळवळीतल्या मित्रांना आमचे सांगणे. भयपट पाहणे म्हणजे अंधश्रद्धा नव्हे. ज्याला खरोखरच वाटते की घरी जाताना हडळ मागे लागेल, त्याला सिनेमात हसू येत नाही. तो मधेच उठून जातो, किंवा दुसऱ्या दिवशी मांत्रिकाच्या दारात उभा राहतो. भुताची मजा घेता येणे ही भुतापासून अर्धी सुटका आहे.

आणि भीतीकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याची परंपरा आपलीच आहे. मज्झिम निकायातले चौथे सुत्त भयभेरव सुत्त म्हणून ओळखले जाते. त्यात भगवान बुद्ध जाणुस्सोणी नावाच्या ब्राह्मणाला आपला बोधीपूर्वीचा अनुभव सांगतात. लोक ज्या वनांना आणि वृक्षांना घाबरत, तिथेच ते मुद्दाम अष्टमीच्या, चतुर्दशीच्या, पौर्णिमा-अमावस्येच्या रात्री जाऊन राहत. एखादे हरीण येई, मोर वाळकी काटकी पाडी, वारा पाचोळा सळसळवी, आणि मनात भय उभे राही. तेव्हा त्यांनी पळ काढला नाही, कोणाला शांती करायला बोलावले नाही. चालत असताना भय आले तर चालतच, बसलेले असताना आले तर बसूनच, ते जाईपर्यंत त्यांनी त्याला तोंड दिले. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा प्रयोग आहे. आवाज कशाचा होता ते पाहिले, भय कसे उठते ते पाहिले, भय कसे जाते तेही पाहिले.

तेव्हा पोरांना सिनेमा पाहू द्या. त्यांना बंदीची गरज नाही, प्रश्नांची गरज आहे. भीती कशी तयार होते हे ज्याला कळले, त्याच्या हातावर कोणी गंडा बांधू शकत नाही. सुटका अर्धी का म्हणालो, ते आता सांगतो.

रात्री वेशीबाहेर कोण होते?

वाड्याच्या माजघरात, दिव्याच्या उजेडात, आजी मुंजाची गोष्ट सांगते आहे आणि नातवंडे तिच्या पदराला बिलगली आहेत. हे चित्र मराठी वाचकाला नवे नाही. ती भीती गोड होती, कारण दाराला आतून कडी होती.

पण त्याच रात्री त्या मुंजाच्या पिंपळाखालून कोण चालले होते? गावात कोणी मेले की परगावच्या सोयऱ्यांना मयताचा सांगावा पोचवणे हे गावकीने महाराच्या गळ्यात घातलेले काम. रात्र असो, पाऊस असो, जायचे म्हणजे जायचे. सरणाची लाकडे मसणवट्यात नेणे त्याचे काम. मेलेले ढोर ओढणे त्याचे काम. वेशीवर रात्रभर जागणारा वेसकर तोच. गावाने ज्या जागांना भुताच्या जागा म्हटले, त्या आमच्या बापजाद्यांच्या वेठीच्या जागा होत्या. त्यांना कडी नव्हती, माजघर नव्हते. आणि त्यांची खरी भीती पिंपळावर नव्हती. सांगावा उशिरा पोचला तर उद्या चावडीवर काय होईल, ही ती भीती होती. एकाच अंधाराचे हे दोन अर्थ आहेत. आतल्याला त्याची गोष्ट झाली, बाहेरच्याला तो रोजचा होता.

"भुताखेतातही जात कशाला आणता" म्हणणाऱ्यांनी आपल्याच लोकसमजुतीतली भुतांची यादी एकदा वाचावी. मुंजा म्हणजे मुंज झालेल्या, लग्नाआधी मेलेल्या ब्राह्मण बटूचे भूत. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचे. खवीस मुसलमानाचे. देवचार शूद्राचे. बाळंतपणात मेलेली बाई झाली हडळ. प्रदेशागणिक थोडा फरक पडेल, पण रचना हीच. माणूस मेला, राख झाली, तरी जातीचा दाखला काही हातातून सुटला नाही! आम्ही जात कुठे आणली? ती पिंपळावर आधीच चढून बसली होती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान नाकारण्याची प्रतिज्ञा आहे. तिचा अर्थ इथे लक्षात घ्यावा. आत्मा भटकतो अशी भीती आधी घालायची, मग ती उतरवण्याची दक्षिणा घ्यायची, हा धंदा आहे. धंदा बंद करायचा तर त्याचे भांडवल जप्त करावे लागते. बाबासाहेबांनी ते जप्त केले.

वटवाघळे आणि काठ्या

भयपटाला लागणारे सगळे सामान बाबासाहेबांच्या आयुष्यात एका ठिकाणी जमा झाले होते. परदेशातून शिकून आल्यावर १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी गेले. अस्पृश्याला शहरात जागा कोण देणार? म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी ती जागा वर्णिली आहे. वरच्या मजल्यावरचा मोठा रिकामा दिवाणखाना. वीज नाही. रखवालदार एक छोटा कंदील आणून ठेवी, त्याचा उजेड काही इंचांपलीकडे पोचत नसे. अडगळ, अंधार, छताला वटवाघळे, आणि सोबतीला कोणी नाही.

रामसे बंधूंना याहून चांगला सेट सापडला नसता. पण त्या लेखनात थरकाप कशाने उडतो? वटवाघळांनी नाही. अकराव्या दिवशी सकाळी, लख्ख उजेडात, जिन्यावर पावले वाजतात आणि काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी समोर उभे राहतात. तू कोण आहेस, हा त्यांचा प्रश्न असतो. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान निघते. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकलेला तो तरुण कामाठी बागेत बसून रडतो आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परततो.

भयपटाचा नियम आहे की उजेड झाला की संकट टळते. आमच्या इतिहासात उजेड झाल्यावर माणसे काठ्या घेऊन येतात. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबावर जे चालून आले ते भूत नव्हते, तो गाव होता.

हा अनुभव फक्त आमचा नाही. १९७२ मध्ये आमच्या दलित पँथरने ज्यांच्याकडून नाव घेतले, त्या अमेरिकेतल्या काळ्या माणसांचाही तो आहे. जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' १९६८ सालचा. ड्वेन जोन्स या काळ्या नटाने केलेला नायक मुडद्यांच्या तडाख्यातून रात्रभर टिकतो. सकाळ होते, बंदूकधारी गोरे लोक मदतीला येतात आणि त्यालाच मुडदा समजून गोळी घालतात. जॉर्डन पील या काळ्या दिग्दर्शकाचा 'गेट आउट' २०१७ सालचा. शेवटी नायक कसाबसा वाचतो आणि रस्त्यावर पोलिसांच्या गाडीसारखे दिवे दिसतात. एरवी सिनेमात पोलीस आले की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. इथे काळ्या प्रेक्षकाचा श्वास नेमका तिथेच अडकतो. गाडी मित्राची निघते म्हणून बरे. पीलने आधी चित्रित केलेल्या शेवटात पोलीसच येतात आणि त्याला अटक होते. या सिनेमाला मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले. दिवे लागल्यावर सगळेच सुरक्षित होत नाहीत, हे पीलला ठाऊक होते.

आता सिनेमावाल्यांना

'दो गज़ ज़मीन के नीचे' हा रामसे बंधूंचा भयपटही १९७२ चाच. म्हणजे दलित पँथर आणि हा सिनेमा एकाच मुंबईत, एकाच वर्षी आले. छोट्या शहरांतल्या थिएटरांत रामसेंच्या सिनेमांना जाणारा प्रेक्षक कष्टकरी होता. त्यावर नाक मुरडणारे समीक्षक त्या कमी खर्चाच्या मुखवट्यांना हसले. आम्ही मुखवट्यांना हसत नाही. आमची तक्रार कथेबद्दल आहे.

'वीराना' हा १९८८ चा सिनेमा घ्या. गावाला छळणारी 'चुडैल' आहे. ठाकुराच्या घरचा माणूस तिला पकडतो, तिला फासावर लटकवले जाते. पुढे ती ठाकुराच्या मुलीच्या अंगात येते आणि मग देवाधर्माच्या बळावर तिचा बंदोबस्त होतो. ठाकूर राखणारा, बाई छळणारी, फाशी म्हणजे न्याय, अशी ही वाटणी. प्रेक्षकाने सुटकेचा श्वास कुठे सोडायचा, हेही दिग्दर्शकाने ठरवून दिलेले आहे. बाई लटकली की सोडायचा! हवेली, पूर्वजांचे पाप, शाप, तांत्रिक, त्रिशूळ हा साचा कितीतरी सिनेमांनी गिरवला. पाप हवेलीने करायचे, भोगायचे गावाने, आणि आपली सहानुभूती मात्र हवेलीच्या वारसाला.

आता पडद्याबाहेर या. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावात, भानामती केल्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या म्हाताऱ्या माणसांना, बायकांनाही, भर चौकात बांधून मारहाण झाली. नंदुरबारच्या सातपुड्यात डाकीण ठरवलेल्या आदिवासी बाईला आजही घर सोडून पळावे लागते. बिहारने १९९९ मध्ये, झारखंडने २००१ मध्ये, छत्तीसगडने २००५ मध्ये अशा छळाविरुद्ध स्वतंत्र कायदे केले. करमणुकीतल्या चुडैलीसाठी कोणी कायदे करत नाही. गावोगावच्या बायका मारल्या जात होत्या, म्हणून ते करावे लागले.

सिनेमामुळेच हे होते असे आम्ही म्हणत नाही. चेटकीण ठरवून मारण्याची रीत सिनेमाहून कितीतरी जुनी आहे. आम्ही एवढेच म्हणतो की "नुसती करमणूक" हे उत्तर देणाऱ्याने वणी खुर्दच्या चौकात उभे राहून ते द्यावे. तिथे चेटकीण कोण, हे आधीच ठरलेले होते. विधवा, म्हातारी, गरीब, खालच्या मानलेल्या जातीची. सिनेमा तोच चेहरा पुन्हा पुन्हा रंगवतो, तेव्हा तो गावाच्या पंचनाम्यावर सही करतो.

बाईच्या वाट्याला येणारी भीतीही अशीच. २०१८ च्या 'स्त्री' सिनेमात अंधार पडला की गावातले पुरुष घराबाहेर पडायला घाबरतात आणि थिएटर हसून लोटपोट होते. का हसते? कारण ही उलटापालट आहे. रात्री घराबाहेर पडायची भीती पुरुषांना वाटावी, ही कल्पनाच प्रेक्षकाला विनोदी वाटते. बाईने ती रोज बाळगावी, यात कोणाला काही नवल वाटत नाही. रात्रीचा शेवटचा खेळ सुटल्यावर पुरुषाची भीती थिएटरात राहते. एकट्या बाईची भीती पार्किंगपासून सुरू होते.

वेगळे होऊ शकते

कोणी म्हणेल, मग काय भयपटात भाषणे घालायची? मुळीच नाही. भूत कोणी केले हा प्रश्न ज्या सिनेमांनी विचारला, ते जास्तच अंगावर येतात. आपल्या मराठीतला 'लपाछपी' पाहा. उसाच्या फडातल्या त्या घरात काय घडले होते हे कळते, तेव्हा भुतापेक्षा घरातल्या माणसांचीच भीती वाटते. राही अनिल बर्वेच्या 'तुंबाड'मधला हस्तर भयंकर आहेच, पण त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या परत जाणारी वाड्याची हाव त्याहून भयंकर आहे. २०२४ चा मल्याळम 'भ्रमयुगम' तर थेट मुद्द्यावर येतो. सतराव्या शतकातला, पाणन या खालच्या मानलेल्या जातीचा गायक जीव वाचवत एका नंबूद्री वाड्यात शिरतो. यजमान त्याला आसरा देतो, जेवू घालतो आणि मग बाहेर पडू देत नाही. मामुट्टीचा तो यजमान पाहताना मागच्या रांगेतल्या माणसाच्याही पाठीतून कळ जाते. वाडा आसरा देतो तेव्हा किंमत काय घेतो, हे आम्हाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आमची मागणी

बंदीची मागणी आम्ही करणार नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा कुठे महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा त्या वर्षी झाला. त्या कायद्याने भुताच्या गोष्टींवर बंदी घातलेली नाही, घालूही नये. एखाद्या जित्या माणसाला चेटकीण, भानामतीवाला ठरवून त्याचे जगणे मुश्कील करणाऱ्याला तो शिक्षा सांगतो. त्या कायद्याची तक्रार घ्यायला ठाण्यात टाळाटाळ होते तिथे मोर्चा न्यावा, थिएटरवर नको.

पोरांना आमचे सांगणे असे. सिनेमा जरूर पाहा, किंचाळा, हसा, पण बाहेर पडताना चार प्रश्न विचारा. यातले भूत मेले कसे, आणि त्याला मारणारा कोण? भुताला जात कोणती दिली, लिंग कोणते दिले? सोडवणारा कोणत्या बळावर सोडवतो, बुद्धीच्या की मंत्राच्या? आणि शेवटी ज्याचे भले झाले, त्याच्या आज्याने काय केले होते?

भीतीची मजा वाईट नाही. उलट ती माणसाच्या सुखाची खूण आहे. ज्याचे आयुष्य सुरक्षित, तोच भीतीशी खेळू शकतो. म्हणून आमचे भांडण मजेशी नाही. ती मजा काहींच्याच वाट्याला का येते, याच्याशी आहे. डाकीण ठरवलेल्या बाईला, गावकुसाबाहेर रात्र जागून काढणाऱ्या वस्तीला, शेवटच्या खेळानंतर एकट्या घरी निघालेल्या मुलीला भीती ही फक्त पडद्यावरची गोष्ट वाटेल, असा समाज घडवणे हे आपले काम. ते झाले की सगळे मिळून पुढच्या रांगेत बसू आणि खुशाल किंचाळू.

जय भीम!